वाळवंटात बंद पडलेलं मशीन आणि गाडीतली दुसरी बॅटरी



गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं नवरा-बायको धाकट्या मुलाकडे अबू धाबीला राहून आलो. तो अल रीम आयलंडवर राहतो. बेट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नारळ आणि होड्या येतात, पण इथे नजर जाईल तिथे टॉवर. मात्र खिडकीतून समोरच्या पाण्यात जी हिरवी झाडी दिसते ती चक्क तिवरं आहेत, आपल्या नवगाव-किहीमच्या खाडीत असतात तीच. पहिल्याच दिवशी ती बघून माझी पत्नी म्हणाली, "आता घरी आल्यासारखं वाटलं."

मुलाला कॅम्पिंगचा नाद. त्याच्याकडे एक उंच व्हॅन आहे. तिच्यात मागे झोपायला फळी, छोटा फ्रीज, दिवे, पंखा, छतावर सोलर पॅनल. टॉवरच्या पार्किंगमध्ये ती उंचीमुळे शिरत नाही, म्हणून बाहेर मोकळ्या जागेत उन्हात उभी असते. अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी झाली आणि शुक्रवार अर्धा दिवस. त्यामुळे शनिवारी तारे दिसले की निघायचं, रविवारी संध्याकाळी परत, असा त्याचा क्रम. आम्हालाही त्याने लिवाला नेलं. अडीच तासांचा प्रवास, पुढे नुसती वाळू. रात्री एवढे तारे मी लहानपणी पेणला आजोळी पाहिले होते, त्यानंतर कधी नाही.

माझ्या पत्नीला झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे. गेली सहा वर्षं ती रात्री सीपॅप मशीन लावून झोपते. नाकावर मास्क, मशीन हवेचा दाब देतं. व्हॅनमध्ये इन्व्हर्टर होता, त्यावर मशीन लावलं आणि झोपलो. रात्री अडीचच्या सुमाराला इन्व्हर्टरने पीं पीं केलं आणि सगळं बंद पडलं. मशीन बंद, फ्रीज बंद, दिवा बंद. ती दचकून उठली, मास्क काढून फेकला. काही झालं नाही, देवाची कृपा. पण उरलेली रात्र ती पाठीला उशी लावून बसून होती आणि मी तिच्याकडे बघत बसलो होतो. सकाळी मुलाचं तोंड एवढंसं झालं होतं.

हे घरी फोनवर सांगितल्यावर दोन-तीन नातेवाइकांनी विचारलं की नेमकं काय बिघडलं होतं, आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, कुणाकडे चालायची स्कूटर आहे, आम्ही काय बघायचं? म्हणून हे लिहितो.

मी नोकरीभर रेल्वेत, माटुंगा वर्कशॉपला ट्रेन लायटिंगमध्ये होतो. तरुण मंडळींना हे खातं ठाऊक नसतं. पूर्वी गाडीच्या प्रत्येक डब्याची वीज त्या डब्याखालीच तयार व्हायची. चाकाच्या आसाला पट्ट्याने जोडलेला डायनॅमो, नंतरच्या काळात अल्टरनेटर, आणि शेजारी पेटीत बॅटऱ्यांचा संच. गाडी धावली की बॅटरी भरायची, स्टेशनात उभी राहिली की बॅटरीवर दिवे-पंखे चालायचे. जुन्या डब्यांत बॅटरी दमली असेल तर गाडी थांबताच दिवे पिवळे पडत, ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. मुलाची व्हॅन मी खालून-वरून पाहिली आणि त्याला म्हटलं, अरे, हा तर माझाच डबा आहे, फक्त ११० व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट.

अशा गाडीत बॅटऱ्या दोन असतात. एक इंजिन सुरू करणारी. तिचं काम दोन-तीन सेकंद भरपूर करंट द्यायचं आणि लगेच परत भरून घ्यायचं. ती खोलवर रिकामी होण्यासाठी केलेलीच नसते. दुसरी घराची बॅटरी, म्हणजे फ्रीज, दिवे, पंखे चालवणारी. ती हळूहळू, तासन् तास वीज देते. दोन्ही दिसायला सारख्या, आत प्लेटांची जाडी वेगळी. कुणी पैसे वाचवायला इंजिनाची बॅटरी मागे लावली तर ती काही महिन्यांतच मान टाकते.

ही दुसरी बॅटरी तीन ठिकाणांहून भरते. इंजिन चालू असताना अल्टरनेटरकडून, दिवसा सोलरकडून, आणि कुठे प्लग मिळाला तर घरच्या विजेवरच्या चार्जरकडून. बिघाड शोधायचा तर आधी हा नकाशा डोक्यात ठेवायचा. वीज येते कुठून, जाते कुठून आणि मधे कुठे अडते.

आमच्या बाबतीत काय झालं ते सांगतो. परत आल्यावर मुलाने एका गॅरेजला दाखवलं. तिथल्या माणसाने मीटर न लावताच सांगितलं, दोन्ही बॅटऱ्या बदला. तिथली उष्णता बघता हे अगदीच खोटं म्हणता येत नाही. आखाती देशात बॅटरीने दोन उन्हाळे काढले की शुक्र मानतात. शिशाच्या बॅटरीचा ठोकताळा असा की तापमान दर दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. २५ अंशांत सहा वर्षं टिकणारी बॅटरी ३५ मध्ये तीन वर्षं. उन्हात उभ्या बंद गाडीत तर पारा साठच्याही वर जातो. पण ही घराची बॅटरी दीड वर्षाचीच होती. मी म्हटलं, आधी मोजू, मग पैसे खर्च करू.

मोजायला लागतो फक्त एक डिजिटल मल्टिमीटर. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो. त्याचा खटका डीसी व्होल्टच्या २० वर ठेवायचा, लाल तार अधिकवर, काळी उण्यावर. एक खबरदारी मात्र घ्या. लाल तार मीटरच्या अँपियरच्या भोकात खोचलेली असताना बॅटरीला लावू नका. सरळ शॉर्ट होतो, मीटर जळतो आणि हातही भाजतो.

बॅटरी निदान तीन-चार तास, जमलं तर रातभर, काही न भरता आणि काही न चालवता ठेवायची, मगच व्होल्ट बघायचे. चार्जर काढल्या काढल्या बघितलं तर खोटा आकडा येतो. वर फुगवटा असतो, तो बसू द्यावा लागतो. साध्या पाण्याच्या शिशाच्या बॅटरीत १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव, ११.८ म्हणजे रिकामी. हे आकडे कागदावर लिहून बॅटरीजवळ चिकटवून ठेवा. गंमत बघा, भरलेली आणि रिकामी यांत एका व्होल्टाचाही फरक नाही. म्हणून "बारा व्होल्ट दाखवतेय, म्हणजे चांगली आहे" हे म्हणणं चुकीचं. बारा म्हणजे ती जवळजवळ संपलेली आहे.

मुलाच्या बॅटरीने १२.१ दाखवले, आणि तेही लिवाहून अडीच तास गाडी चालवून आल्यानंतर, रात्रभर विश्रांती देऊन. तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. अडीच तास इंजिन चाललं, तर बॅटरी अर्धीसुद्धा कशी नाही? भरते आहे का ती मुळात?

इंजिन सुरू करून बघितलं. पुढच्या बॅटरीवर १४.२ व्होल्ट, म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत. मागच्या बॅटरीवर १२.९. दोघींच्या मधे १.३ व्होल्ट कुठेतरी गळत होते. नळाच्या टाकीत पाणी आहे, पण बादलीत धार बारीक, तसं झालं. मग पाइपच बघायचा.

इथे एक युक्ती आहे जी आम्हाला वर्कशॉपला पहिल्या वर्षी शिकवली होती आणि आजकालचे मेकॅनिक घाईत करत नाहीत. करंट वाहत असताना मीटरची एक तार जोडाच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे लावायची. जोड चांगला असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. काही व्होल्ट दाखवले तर ते त्या जोडात खाल्ले जात आहेत. पुढच्या बॅटरीपासून मागेपर्यंत मी एक एक जोड असा तपासत गेलो. गुडघे दुखत होते, नातू टॉर्च धरून होता आणि दर मिनिटाला विचारत होता, "आजोबा, सापडलं?" लांब वायरीत ०.२ व्होल्ट. बॉडीच्या अर्थिंगच्या बोल्टवर ०.२. आणि फ्यूजच्या घरात ०.९! सापडलं.

झाकण उघडलं तर बोल्ट बोटाने फिरत होता. प्लास्टिक एका बाजूने वितळून तपकिरी झालेलं, तांब्यावर हिरवट बुरशीसारखा थर, त्यात बारीक वाळू. क्लॅम्प मीटरवर करंट १२ अँपियर होता. बारा गुणिले ०.९, म्हणजे जवळजवळ अकरा वॅट उष्णता त्या एवढ्याशा जोडात. बॅटरीच्या वाट्याचे व्होल्ट तिथे जळत होते. आणखी काही महिने असंच चाललं असतं तर नुसती बॅटरी उपाशी राहिली नसती, तिथे आग लागायची भीती होती.

अबू धाबीला हे का होतं तेही सांगतो. लोकांना वाटतं वाळवंट म्हणजे कोरडी हवा. पण समुद्राकाठी दमट असतं, हिवाळ्यात पहाटे धुकं आणि दव पडतं, गाडीवरून पाणी ओघळतं. खारी हवा, त्यावर बारीक धूळ, आणि कच्च्या रस्त्यावरचे हादरे. बोल्ट सैल होतो, फटीत खार बसतो. आपल्या अलिबाग-रेवदंड्याकडच्या घरांत प्लगच्या पिना हिरव्या पडतात, तोच प्रकार.

नवं फ्यूजचं घर काही दिर्हमांत आलं. लग घासून चकचकीत केले, बोल्ट आवळले, वर पेट्रोलियम जेली चोपडली. अर्थिंगचा बोल्टही खरवडून घट्ट केला. परत मोजलं तर मागच्या बॅटरीवर १३.९ व्होल्ट. मुलगा म्हणाला, "पपा, दोन बॅटऱ्यांचे पैसे वाचले." मी म्हटलं, थांब, अजून बॅटरीची परीक्षा व्हायची आहे.

कारण शिशाची बॅटरी अर्धपोटी ठेवली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात. आधी ते मऊ असतात, भरताना विरघळतात. फार दिवस तसेच राहिले की कडक होतात आणि तेवढी प्लेट कायमची निकामी. म्हणून ओळखीच्यांच्या व्हिलात नेऊन चार्जरवर दीड दिवस पूर्ण भरली. (टॉवरमध्ये फ्लॅटवर बॅटरी नेऊन भरायचा विचारही करू नका. शंभर अँपियर-अवरची शिशाची बॅटरी तीस किलोच्या आसपास असते, आपल्या वयात ती उचलायची नाही, आणि बंद खोलीत भरताना निघणारा गॅस धोक्याचा.) बारा तासांच्या विश्रांतीनंतर १२.८ व्होल्ट दाखवले. ही बंद एजीएम जातीची बॅटरी, तिचा भरलेला आकडा साध्या बॅटरीपेक्षा किंचित जास्त असतो. मग हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब जोडला. तो साडेचार अँपियर घेतो. नऊ तास जळू दिला, म्हणजे चाळीस अँपियर-अवर बाहेर काढले. तासभर थांबून मोजलं तर १२.२, साधारण अर्धी. चाळीस काढल्यावर अर्धी, म्हणजे सगळी मिळून ऐंशीची उरली. शंभरातली वीस गेली होती, पण बाकीची कामाची. लगेच परत भरून टाकली.

आता हिशेब. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण त्या रात्रीचं खरं उत्तर यातच आहे. फ्यूजचं घर चांगलं असतं तरी आमची रात्र कदाचित निभावली नसती.

कुठल्याही वस्तूचे वॅट भागिले १२ केले की अँपियर येतात, त्याला तासांनी गुणलं की अँपियर-अवर. छोटा कंप्रेसर फ्रीज ४५ वॅटचा, म्हणजे पावणेचार अँपियर. तो सतत चालत नाही. हिवाळ्याच्या रात्री तिसरा हिस्सा वेळ चालला, तर दहा तासांत साडेबारा. एलईडी दिवे नगण्य, दोन. दोन फोन, तीन. सीपॅप मशीन मी मीटर लावून मोजलं. हवा गरम-ओली करणारं पात्र चालू असताना सरासरी ६० वॅट. सात तासांचे ४२० वॅट-अवर. वर इन्व्हर्टर स्वतःच शंभरातले पंधराएक खातो. म्हणजे बॅटरीतून चाळीसच्या आसपास. सगळे मिळून ५७-५८. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली नेऊ नये असा नियम, म्हणजे शंभराच्या बॅटरीतून पन्नासच आपले. आमची तर ऐंशीची, आणि संध्याकाळी अर्धीच भरलेली. अडीचला दम तोडला यात नवल ते काय!

मशीनच्या कंपनीचीच १२ व्होल्टवर चालणारी वायर मिळते. ती मागवली, म्हणजे इन्व्हर्टर मधून गेला. डॉक्टरांना फोन करून विचारलं, ते म्हणाले एक-दोन रात्री पाण्याचं पात्र बंद ठेवलं तर हरकत नाही, घसा कोरडा पडेल इतकंच. दाब मात्र बदलायचा नाही. असं केल्यावर मशीन सरासरी १५ वॅटवर आलं. सात तासांचे नऊ अँपियर-अवर. चाळीसचे नऊ! एवढा फरक नवी बॅटरी घेऊनही पडला नसता. मात्र प्रत्येकाच्या मशीनची आणि दुखण्याची गोष्ट वेगळी, तेव्हा पात्र बंद करायचं ते डॉक्टरांना विचारूनच. ऑक्सिजनचं मशीन असेल तर ते पुष्कळ जास्त वीज खातं, त्याच्या भरवशावर वाळवंटात जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

विमानाने मशीनची बॅटरी घेऊन येणाऱ्यांसाठी एक सांगतो. लिथियमची सुटी बॅटरी किंवा पॉवर बँक सामानात टाकायची नाही, हातातल्या बॅगेतच ठेवायची. १०० वॅट-अवरपर्यंत सहसा प्रश्न नसतो, १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची आधी परवानगी लागते, त्यावर नाही. आकडा बॅटरीवर छापलेला असतो. डोळ्यांना दिसत नसेल तर नातवंडांकडून वाचून घ्या.

सोलरबद्दल लोकांच्या कल्पना फार मोठ्या असतात. आखातात ऊन भरपूर, मग काय कमी? पण पॅनलला ऊन हवं असतं, उष्णता नको. त्यावर लिहिलेले १०० वॅट हे पॅनल २५ अंशांवर असतानाचे. छतावर ते ७० अंशांपर्यंत तापतं तेव्हा पंधरा टक्क्यांच्या आसपास वीज तशीच जाते. त्यावर धूळ. मी एका रविवारी दुपारी कंट्रोलरवर पाहिलं तेव्हा अडीच अँपियर येत होते. ओल्या फडक्याने पॅनल पुसल्यावर पावणेचार झाले. पहाटेचं दव आणि धूळ मिळून जो चिखलाचा पापुद्रा बसतो तो नुसत्या झटकण्याने जात नाही. पुसायचं ते सकाळी लवकर, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, तेव्हा पॅनल दक्षिणेला कलतं करता आलं तर आणखी मिळतं. आणि सावली! टॉवरची जाऊ द्या, एका रॉडची सावली पडली तरी वीज धाडकन उतरते. कंट्रोलर बदलताना आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल. काढताना उलटं.

चार्जर आणि कंट्रोलरमध्ये बॅटरीची जात निवडायचा खटका असतो, तो कुणी बघत नाही. शिशाच्या बॅटरीला २५ अंशांवर १४.४ व्होल्टपर्यंत भरतात. तापमान वाढलं की हा आकडा खाली आणावा लागतो, दर अंशाला साधारण ०.०२४ व्होल्ट. ४५ अंशांवर तो १३.९ च्या आसपास हवा. चांगल्या चार्जरला तापमान कळणारी एक छोटी वायर येते, ती बॅटरीला चिकटवायची असते. बसवणारे ती खोक्यातच ठेवून देतात! मग उन्हाळ्यात बॅटरी उकळते, साध्या बॅटरीचं पाणी आटतं, बंद बॅटरी फुगते. फुगलेल्या बॅटरीला हात लावू नका, भरू नका, माणूस बोलवा.

लिथियमची, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी आता बरेच जण घेतात. वजनाला निम्म्याहून हलकी, ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते, जास्त वर्षं टिकते. महाग आहे. तिचे व्होल्ट बघून मात्र काही कळत नाही, बराच वेळ ती १३.२-१३.३ वरच राहते आणि शेवटी एकदम कोसळते, म्हणून टक्के दाखवणारा मॉनिटर लागतो. तिच्या आत एक इलेक्ट्रॉनिक पहारेकरी असतो. फार तापली, फार रिकामी झाली की तो दरवाजा बंद करतो आणि बॅटरी मेल्यासारखी शून्य दाखवते. तेव्हा घाबरून फेकून देऊ नका, गार होऊ द्या, योग्य चार्जर लावा, बहुधा जागी होते. शिशाची काढून तिच्या जागी लिथियमची ठेवली आणि चार्जर जुनाच ठेवला, हे मात्र चालत नाही. अल्टरनेटर आणि ती यांच्यामध्ये डीसी-डीसी चार्जर लागतो, नाहीतर ती एवढा करंट ओढते की अल्टरनेटर तापून जातो.

सगळ्यात जास्त बॅटऱ्या मरतात त्या गाडी न चालवल्याने. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी, निम्मं अबू धाबी गावी जातं. गाडी दोन महिने उन्हात. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, कंट्रोलर थोडं थोडं पीतच असतात. ५० मिलिअँपियर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण दिवसाला १.२ अँपियर-अवर, साठ दिवसांचे ७२. आल्यावर गाडी मेलेली, आणि पंचेचाळीस अंशांत रिकामी पडून राहिलेली शिशाची बॅटरी सहसा परत उठत नाही. उपाय साधा. जाण्याआधी पूर्ण भरायची आणि उण्याची तार काढून ठेवायची. लिथियमची मात्र अर्धी भरून ठेवायची, पूर्ण नाही.

तार काढताना आधी उणे, मग अधिक. लावताना आधी अधिक, शेवटी उणे. कारण गाडीची सगळी बॉडी उण्याला जोडलेली असते. अधिकवर पाना असताना तो बॉडीला टेकला आणि उणे लावलेलं असलं, तर वेल्डिंगसारखा जाळ होतो. दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट करताना लाल तार आधी मेलेल्या बॅटरीच्या अधिकवर, मग चांगलीच्या अधिकवर. काळी चांगलीच्या उण्यावर, आणि काळीचं शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनाच्या लोखंडावर, बॅटरीपासून लांब. शेवटचा जोड लावताना ठिणगी पडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो. म्हणून लांब.

अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवा. आमच्या वर्कशॉपमध्ये एकाची सोन्याची अंगठी पाना आणि टर्मिनल यांच्यामध्ये सापडली होती. एका क्षणात लाल झाली. बोट वाचलं, पण अंगठीचा वळ त्याच्या बोटावर निवृत्तीपर्यंत होता.

आता ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी. पेण, पनवेल, अलिबाग, ठाण्याला घरात इन्व्हर्टरची जी मोठी बॅटरी असते तिला यातलं बहुतेक सगळं लागू आहे. महिना-दोन महिन्यांनी पाण्याची पातळी बघा. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं नाही, फिल्टरचं नाही, बाटलीतलं पिण्याचंही नाही, त्यांत क्षार असतात. ॲसिड तर कधीच वरून घालायचं नाही, आटतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. खुणेच्या वर भरू नका. वाकून बघताना चष्मा असू द्या. टर्मिनलवर पांढरा-हिरवा भुगा आला तर इन्व्हर्टर बंद करून, तारा काढून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, झाकणातून आत जाऊ देऊ नका. लाइट जात नसेल तरी महिन्यातून एकदा मेन बंद करून दोन तास घर इन्व्हर्टरवर चालवा. त्यानेच कळतं की बॅटरीत दम आहे की नुसता दिवा हिरवा दाखवतेय.

आणि डिमोना, बीरशेबा, अश्दोदच्या आपल्या लोकांकडे कलनोईत असते. तिच्यात बहुधा १२ व्होल्टच्या दोन बंद बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. बाजारातून आल्यावर, थोडीशीच वापरली असली तरी, रात्री चार्जला लावा. "संपू दे, मग भरू" ही जुन्या मोबाइलची सवय तिथे लावू नका. आजारपणात महिनाभर बाहेर पडला नाहीत तरी आठवड्याला एकदा भरा. एक बॅटरी गेली तर दोन्ही एकदम बदला, एक नवी एक जुनी ठेवली की जुनी नवीला घेऊन बुडते. आणि चढावर ती अचानक मंदावायला लागली तर आधी दोन बॅटऱ्यांमधल्या वायरीचे जोड कुणाकडून तरी आवळून घ्या. माझ्या दीमोनाच्या मावसभावाला मी फोनवर हेच सांगितलं. त्याच्या शेजाऱ्याने आवळून दिले, तेव्हापासून तो मला दर आठवड्याला व्होल्ट कळवतो.

आम्ही मार्चमध्ये परत येण्याआधी पुन्हा एकदा लिवाला गेलो. पत्नी आधी नको म्हणत होती. मी तिला मीटर दाखवला, १२.८. ती म्हणाली, "तुमच्या मीटरला नाक नाही, मला आहे." मग मुलाने वेगळी छोटी बॅटरी फक्त तिच्या मशीनसाठी तिच्या उशाशी ठेवली, मोठी बंद पडली तरी ती चालू राहील अशी. त्या रात्री मी चार वेळा उठून बघितलं. ती शांत झोपली होती, मशीन हळू हळू फुसफुसत होतं. सकाळी सात वाजता व्हॅनच्या बॅटरीवर १२.५ व्होल्ट होते.